परतीची नळी

चौतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढील जें कांहीं पदरांत पडलें तें एका वृद्ध शास्त्रीबोवांच्या ओसरीवर पडलें, आणि त्याच शिदोरीवर आमची सारी मास्तरकी निभावली. असल्या मनुष्यानें मोटारीचा पंप आणि रबरी नळ्या यांविषयीं लिहावयास बसावें, हें पाहून वाचकांस हंसूं येईल. येऊं द्यावें. आम्हांस मात्र ही हकीकत एकदां लिहून टाकल्यावांचून स्वस्थता वाटणार नाहीं.

आमचें कुटुंब पुण्यास एकत्र राहतें. थोरले बंधु दादा यांनीं पुष्कळ वर्षें डॉक्टरकी केली. आतां दवाखाना बंद आहे. त्यांनीं २००७ सालीं एक मर्सिडीझ गाडी जुनी म्हणून विकत घेतली. ती १९९६ सालची, ई २२० या जातीची. जर्मनींत या घडणीच्या गाड्या १९८४ च्या अखेरीपासून होऊं लागल्या, आणि १९९५ पासून त्या पिंपरीस, त्या वेळच्या टेल्कोच्या आवारांत, जुळविल्या जाऊं लागल्या. म्हणजे आमची गाडी कुळानें जर्मन असली तरी जन्मानें पिंपरीचीच! हौशी लोक आतां तिला ‘क्लासिक’ म्हणतात. दादांच्या मतें तिच्यासारखी गाडी पुन्हां झाली नाहीं. वहिनींच्या मतें ती तुळशीवृंदावनाची वाट अडविणारी एक वस्तु आहे. दोन्ही मतें आम्हांस मान्य आहेत.

दादांचा उजवा खांदा पूर्वीं एकदां पडल्यामुळें अधू झालेला आहे. तरीहि ते ही गाडी चालवीत, याचें कारण तिचें स्टिअरिंग तेलाच्या जोरावर हलकें फिरतें. त्याची रचना थोडक्यांत सांगतों, कारण पुढील सारें प्रकरण तीवरच अवलंबून आहे. इंजिनाच्या पुढील अंगास एक पंप असतो व तो पट्ट्यानें फिरतो. तो तेल ओढतो आणि एका भक्कम नळींतून स्टिअरिंगच्या पेटींत दाबानें सोडतो. चालक ज्या बाजूस चाक वळवील त्या बाजूस तें तेल पेटींतील दट्ट्याला रेटतें, आणि काम झालेलें तेल दुसऱ्या नळीनें पंपावरील भांड्यांत परत येतें. एक जाण्याची नळी, एक परतीची. चाक पुरतें वळवून धरलें असतां जाण्याच्या नळींतील दाब हवेच्या दाबाच्या ऐंशी-शंभर पट सहज होतो. परतीच्या नळींत तो नांवालाच असतो. हा भेद आम्हीं पुस्तकांत वाचला होता, आणि तोच आम्हांस नडला.

२०२२ च्या दिवाळींतील गोष्ट. वसुबारसेच्या सकाळीं आंगणांतील फरशीवर, रांगोळीच्या अगदीं कडेला, तांबूस तेलाचे चार-पांच थेंब आम्हांस दिसले. गाडीचा नेहमींचा मिस्त्री आठच दिवसांपूर्वीं इंजिनाचें तेल बदलून सणासाठीं आपल्या गांवीं गेला होता. दादा अजून उठलेले नव्हते. आम्हीं बॉनेट उघडून पाहिलें, तों परतीच्या नळीच्या टोकाशीं भेगा पडून तेथून तेल पाझरत असल्याचें आढळलें.

येथें आम्हीं दादांस हांक मारावयास हवी होती. ती मारली नाहीं. निवृत्त मनुष्यास एक खोड लागते. घरांत आपला अद्यापि कांहीं उपयोग आहे असें त्यास सारखें दाखवावेंसें वाटतें. आमच्या घरीं भिंतींत खिळा ठोकावयाचा झाला तरी आमच्या हातांतील हातोडी कोणी तरी हळूच काढून घेतें व म्हणतें, “राहूं द्या, काका.” त्यांत प्रेमच असतें, परंतु तें ‘राहूं द्या’ ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. माळ्यावर गाडीच्याच गरम पाण्याच्या नळीचा एक नवा तुकडा शिल्लक होता. त्याचें भोंक मोजलें, तें बरोबर जुळलें.

मग आम्हीं जो विचार केला तो आम्ही येथें जसाचा तसा देतों. परतीच्या नळींत दाब नसतो. जेथें दाब नसतो तेथें साधी नळीहि टिकते. ही पाण्याची नळी तर उकळतें पाणी सोसते. तस्मात् ती येथें टिकेलच. तर्कसंग्रह शिकविलेल्या माणसाचें हें अनुमान! आम्हीं तुकडा कापला, बसविला, दोन्ही टोकांस क्लिपा आवळल्या आणि भांड्यांत तेलाची भर घातली. दुपारीं फरशी कोरडी. दुसऱ्या दिवशींहि कोरडी. रोज सकाळीं स्नानसंध्या आटोपून आम्ही गाडीखालीं डोकावून येत असूं, आणि येतांना चेहऱ्यावरील समाधान लपवीत असूं. कोणी विचारलें असतें तर सांगणार होतों. कोणीं विचारलें नाहीं.

मार्गशीर्षांत दादा, वहिनी व आम्ही असे तिघे क्षेत्र महाबळेश्वरास जावयास निघालों. वाईस ढोल्या गणपतीचें दर्शन घेतलें, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसलों. तेथून निघतांना चाक वळविलें कीं पुढून कण्हल्यासारखा एक आवाज येऊं लागला. दादा म्हणाले, “पट्टा ओरडतोय बहुधा. पांचगणीला पोंचूं, मग पाहूं.”

पसरणीचा घाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तेथील वळणांविषयीं सांगावयास नको. एका आंखूड वळणावर दादांनीं चाक फिरविलें तें अर्ध्यावर जाऊन अडलें. पंपाचें साह्य गेलें तरी चाकांशीं असलेली लोखंडी जोड तुटत नाहीं, गाडी वळविण्यास वळतेच. पण ती मग पहिलवानाच्या खांद्यानें वळवावी लागते. दादांच्या तोंडून एकच ‘आई गं’ निघालें. आम्हीं शेजारून हात घातला, दोघांनीं मिळून चाक ओढलें, तरी गाडी दरीकडील कठड्याच्या रोखानेंच चालली. ब्रेक लागला तेव्हां कठडा हातभर उरला होता. तेवढ्यांत मागून वहिनी म्हणाल्या, “अहो, धूर!”

बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर येत होता. आम्हीं हजार वेळां फळ्यावर लिहिलेला तो पर्वत, तो धूर आणि तो अग्नि! त्या क्षणीं आम्हांस न्यायशास्त्र आठवलें नाहीं. वहिनींना खालीं कसें उतरवावें एवढेंच आठवलें. मागून येणाऱ्या एस. टी.च्या चालकानें उतरून चाकामागें दगड लावला, बॉनेट उघडलें, आणि जळत कांहीं नाहीं असें सांगितलें. तेल सगळीकडे उडालें होतें. तें तापलेल्या धुराड्याच्या नळावर पडून धुमसत होतें. असें तेल पेटूं शकतें. आमचें पेटलें नाहीं, एवढेंच.

आमची नळी क्लिपेखालून निसटून लोंबत होती. ती फुगून जवळजवळ दुप्पट जाड झाली होती आणि भिजलेल्या पावासारखी मऊ लागत होती. दादांनीं ती बोटानें दाबून पाहिली. “त्याच गाढवाचें काम!” ते म्हणाले. “दिवाळीआधीं त्यानेंच हात घातला होता.” आणि तेथेंच रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनीं मिस्त्रीस फोन लावला. दादा रागावले म्हणजे हळू आवाजांत बोलतात. “एका बाईचा जीव जात होता,” ते म्हणाले. “आजपासून माझ्या दारांत पाऊल टाकूं नकोस.” पलीकडून काय उत्तर आलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. आम्ही दोन हातांवर उभे होतों. आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं.

गाडी दुसऱ्या वाहनावर लादून पुण्यास आणली. दादांची धाकटी मुलगी चाकणकडील एका कारखान्यांत इंजिनीयर आहे; मिस्त्रीचें दार बंद झाल्यामुळें काम तिनें अंगावर घेतलें, आणि आम्ही आपण होऊन तिचे मदतनीस झालों. तिनें पंप सोडविला, मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तो उघडला आणि आम्हांस दाखविला. आंत एक पोलादी कडें, त्याची पोकळी लंबवर्तुळाकार. तींत एक गोल गाभा फिरतो आणि गाभ्याच्या खांचांतून बारीक पोलादी पातीं आंतबाहेर सरकतात. गाभा फिरूं लागला कीं पातीं बाहेर फेंकलीं जाऊन कड्याच्या भिंतीला चिकटतात. दोन पात्यांमधील जागा एकदां रुंदावते व तेल ओढून घेते, पुढें अरुंद होते व तें तेल पिळून बाहेर घालविते. या पंपास निराळें वंगण नसतें. जें तेल तो वाहतो तेंच त्याचें वंगण. आमचें तेल संपल्यावर तो घाटांत कोरडाच फिरत राहिला होता. कड्याच्या आंतल्या भिंतीवर नखांनीं ओरबाडल्यासारखे चरे पडलेले आम्हीं डोळ्यांनीं पाहिले.

“नवीं सीलें घालून नाहीं का भागणार?” आम्हीं विचारलें.

“सीलानें गळणें थांबेल, काका, पण दाब कोठून आणायचा? चऱ्यांतून तेल उलटें निसटणार. आणि पंप अडकून बसला असता तर पट्टा गेला असता. याच पट्ट्यावर इंजिनाच्या पाण्याचा पंपहि फिरतो.”

त्या रात्रीं झोंप येईना, म्हणून या यंत्राची कुळकथा वाचीत बसलों. अमेरिकेंत फ्रान्सिस डेव्हिस नांवाचे एक इंजिनीयर होते. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागांत असतां, अवजड ट्रक वळवितांना चालकांचे होणारे हाल त्यांच्या दृष्टीस पडले. पुढें नोकरी सोडून त्यांनीं तेलाच्या दाबाचें स्टिअरिंग सिद्ध केलें आणि १९२६ सालीं तें मोटारीवर चालवून दाखविलें. परंतु विक्रीच्या मोटारींत तें प्रथम आलें १९५१ सालीं, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडींत. मध्यें पंचवीस वर्षें गेलीं. आम्ही तें वाचीत होतों खरे. पण डोळ्यांपुढें मिस्त्री येत होता. हा मनुष्य पंधरा वर्षें आमच्या आंगणांत काम करीत आला. दादांना ‘साहेब’ आणि आम्हांस ‘मास्तर’ म्हणतो. त्याच्या मुलास दहावीच्या वर्षीं आम्हीं संस्कृत शिकविलें आहे.

पुढच्या शनिवारीं पुतणीबरोबर नाना पेठेंत गेलों. मोटारींच्या सुट्या भागांसाठीं पुण्यांत तीच जागा. पहिल्या दुकानांत जो पंप मिळाला तो दिसावयास हुबेहूब, पण दुसऱ्या इंजिनाचा. पट्ट्याच्या खांचा जुळेनात. पुतणी जुन्या पंपावरील क्रमांक कागदावर लिहून घेऊन आली होती, त्यामुळें फसगत टळली. तिसऱ्या दुकानांत मोडीत निघालेल्या तशाच गाडीचा पंप मिळाला. तिनें त्याचा दांडा हातानें फिरविला, इकडून तिकडे हलवून खिळखिळा नाहीं ना तें पाहिलें, आणि मग घेतला. दाबाची नळी तिनें नवीच घेतली, कारण जुनीच्या पोलादी टोकापाशीं ओल दिसत होती. शेवटीं परतीची नळी. दुकानदारानें दोन तुकडे पुढें टाकले. दोन्ही काळे, दोन्ही सारख्याच जाडीचे.

“हा पाण्याचा आणि हा तेलाचा,” पुतणी म्हणाली. “पाण्याचा आहे त्या रबराला ईपीडीएम म्हणतात. उकळतें पाणी, ब्रेकचें तेल, कांहीं बाधत नाहीं त्याला. पण या खनिज तेलांत ठेवलें कीं तें तेल पितें आणि फुगतें. हा दुसरा नायट्राइलचा. हा या तेलांत जन्म काढील, पण ब्रेकच्या तेलांत खराब होईल.”

वाचकांपैकीं ज्यांनीं तर्कशास्त्र वाचलें असेल त्यांस ओल्या लांकडाचा दृष्टांत आठवेल. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर, असें म्हणतां येत नाहीं, कारण धूर होण्यास लांकूड ओलें असावें लागतें. त्या ओलेपणास शास्त्रांत उपाधि म्हणतात. आमच्या अनुमानांत रबराची जात ही उपाधि होती. आम्हीं दाब मोजला, उष्णता मोजली, भोंकहि मोजलें; नळी कशाची आहे हें पाहिलें नाहीं. पोरांच्या वहींत अशी चूक सांपडली असती तर आम्हीं तांबड्या शाईनें पान रंगविलें असतें.

दुकानाच्या पायरीवर पुतणी थांबली. आमच्याकडे न पाहतां म्हणाली, “काका, ज्यानें ती नळी लावली त्यानें कांहीं मुद्दाम लावली नसेल. आणि मिस्त्री क्लिप लावतो तेव्हां तिचा स्क्रू नेहमीं वरच्या बाजूला ठेवतो, पुढच्या वेळीं पाना लागावा म्हणून. त्या क्लिपांचे स्क्रू खालीं होते.” एवढें बोलून ती रिक्षा बोलवावयास गेली.

रात्रीं जेवणें झाल्यावर दादा झोपाळ्यावर बसले होते. आम्ही जाऊन समोर उभे राहिलों. साठी उलटून गेली तरी त्यांच्यासमोर अशा वेळीं आम्हांस बसवत नाहीं. “दादा, ती नळी मिस्त्रीनें लावली नव्हती. मी लावली.” झोपाळा थांबला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “घाटांतच कां नाहीं बोललास?” याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. “तूं नळी लावलीस त्याचें कांहीं नाहीं. मीहि औषधें चुकलों आहें कधीं कधीं. पण मीं त्याला फोन केला, आणि तूं शेजारीं उभा होतास.” पुन्हां झोपाळा हलूं लागला. आम्ही तसेच उभे. शेवटीं ते म्हणाले, “उद्यां सकाळीं दोघेहि जाऊं. बोललों मी, तेव्हां मलाहि आलें पाहिजे.”

मिस्त्री घरींच होता. दादांस दारांत पाहून तो गडबडून उठला. दादांनीं आधीं स्वतःचें सांगितलें, मग आम्हीं आमचें. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मला काय ठावं नव्हतं व्हय, साहेब? त्या नळीला म्यां हातच लावला न्हाई. पर तुम्ही तापल्यालं. तवा कोन बोलनार?” मग आमच्याकडे वळून, “मास्तर, पान्याची नळी तेलाला?” हें त्यानें इतक्या हळहळीनें म्हटलें कीं दादांच्या हळू आवाजांतील बोलण्यापेक्षां तेंच आम्हांस अधिक लागलें. त्याच्या बायकोनें चहा केला. चहा पिऊन तो आमच्याबरोबर निघाला.

पंप व नळ्या पुतणीनें बसवीत आणल्या होत्या. जोड आवळावयाचे राहिले होते. मिस्त्रीनें दाबाच्या नळीचा पीळ पाहिला. एका पान्यानें जोड धरून दुसऱ्यानें नट फिरवावा, एरवीं नटाबरोबर नळीहि पिळली जाते आणि चार महिन्यांत फुटते, हें त्यानें करून दाखविलें. नळी ताणून बसवूं नये, ही दुसरी गोष्ट. पेटी गाडीच्या सांगाड्याला घट्ट असते, पण पंप इंजिनावर असतो आणि इंजिन रबरी बैठकींवर डोलतें, तेवढी ढील नळींत हवी. एका जागीं नळी लोखंडी पट्टीला घासेल असें त्यास वाटलें, म्हणून त्यानें खिशांतून रबराचा चिरलेला तुकडा काढून तेथें घातला. पुतणीनें तें मुकाट्यानें पाहून घेतलें. भांडें धुऊन झालें होतें, गाळणी नवी होती. आम्हीं लावलेल्या नळीचे काळे कण त्या भांड्याच्या तळाशीं निघाले होते, हेंहि सांगितलें पाहिजे.

राहिलें तें हवा काढण्याचें काम, आणि तें उतावळ्या माणसाचें नव्हे. पुढचीं चाकें जमिनीवरून उचलून गाडी घोड्यांवर ठेवली. इंजिन बंदच. दादा आंत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवूं लागले. चाकें अधांतरीं असल्यामुळें खांद्यास त्रास नव्हता. आमच्याकडे तेल घालण्याचें काम होतें. भांड्यांतील पातळी खालीं जाई, आम्ही भर घालूं. बुडबुडे येत, ते फुटेपर्यंत थांबूं. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर बुडबुडे थांबले, तेव्हां इंजिन चालू केलें. पंप कण्हला. तेल फेंसाळून दुधाळ गुलाबी झालें. आम्ही घाबरलों, पण मिस्त्री म्हणाला, “बंद करा. बसूं द्या त्याला.” अर्धा तास सर्वजण ओसरीवर बसलों, वहिनींनीं शेंगदाण्याचे लाडू आणले. दुसऱ्या खेपेस फेंस कमी, तिसऱ्या खेपेस तेल पुन्हां स्वच्छ तांबडें झालें, आणि आवाज गेला. चाक अगदीं टोंकाला नेऊन धरून ठेवूं नये, तेथें पंपावर सारा भार येतो, असें पुतणीनें आपल्या वडिलांस दोनदां बजावलें.

संध्याकाळीं दादांनीं गाडी बोळांतून बाहेर काढली. वहिनी बसल्या नाहींत. “आठ दिवस चालवून आणा, मग पाहूं,” असें त्या म्हणाल्या, आणि त्यांचें म्हणणें रास्तच होतें.

मिस्त्री हात धुऊन निघाला तेव्हां ओट्यावर पडलेली ती फुगीर नळी त्यानें उचलली. “ही मला द्या, मास्तर. माझ्याकडं दोन पोरं शिकाया हायेत. दावीन त्यांना.”

“कोणी लावली म्हणून विचारतील,” आम्ही म्हणालों.

“मग काय सांगूं?”

“आमचें नांव सांगा.”

तो हंसला, आणि नळी वर्तमानपत्रांत गुंडाळून घेऊन गेला.